हिरेकेरी पुलावर मारलेल्या दगडाबाबत

दिनांक २६ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी, राजश्री नवनाथ सरवदे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (मानधनावर), शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष, राहणार मौजे हिरेकेरी, नदीकडची गल्ली, तालुका दक्षिण सोलापूर, आज पोलीस ठाण्यात हजर असून विचारल्यावरून माझ्या तोंडी सांगते ते असे की,

वरील ठिकाणी मी पती नवनाथ व सासू मीनाबाई, वय ७१, यांच्यासह राहते. पती सोलापूरला कारखान्यात कामाला आहेत. सासूबाईंना गुडघ्यांमुळे आधाराशिवाय चालता येत नाही. मी गेली सहा वर्षे आमच्या गावाजवळील सीना नदीच्या सरिता मापन केंद्रावर मापक म्हणून काम करते. नदीची पातळी वाचणे, पाण्याचा वेग घेणे, त्यावरून किती क्युसेक पाणी चालले आहे ते काढणे आणि वरच्या कार्यालयाच्या पूर नियंत्रण कक्षाला कळवणे एवढे माझे काम आहे. पूल बंद करण्याचा अधिकार मला नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होते.

नदीकाठी पातळीच्या पट्ट्या रोवलेल्या आहेत. शेवटची पट्टी दहा मीटरला संपते. त्याच्यावर पाणी गेले तर वाचायला काही नसते. म्हणून यंदा मे महिन्यात मी गवंड्याची पाण्याची नळी लावून बसवण्णाच्या देवळाच्या घाटाची एकेक पायरी मोजली आणि प्रत्येक पायरीवर ऑइल पेंटने तिची उंची लिहिली. त्यावेळी गावातील काही लोकांनी मी पायऱ्यांवर चढण्यास हरकत घेतली होती. देवळाची देखभाल करणारे गुरुबसप्पा, वय ६३, जे पूर्वी कालव्यावर चौकीदार होते, ते म्हणाले, "आकडं हायत की ते. आकड्यानं काय बाटतंय?" त्यानंतर लोक निघून गेले. काम मी दोन दिवसांत पूर्ण केले.

दिनांक २३ सप्टेंबर रोजी वरच्या भागात तीन दिवसांपासून पाऊस चालू होता. आमच्याकडे सकाळी ऊन पडले होते. दुपारी एक वाजता पातळी ९.४० मीटर होती. पाण्याचा वेग काढून माझा हिशेब अडुसष्ट हजार क्युसेक आला. पुलाखाली बसवलेले स्वयंचलित यंत्रही अडुसष्ट हजारच दाखवत होते. नियंत्रण कक्षातील साहेबांनी फोनवर "बरोबर आहे" असे सांगितले.

वेग कसा काढला असे आपण विचारले. पुरात होडी घालता येत नाही, म्हणून नदीत वाहत येणाऱ्या वस्तूच उपयोगी पडतात. काठाने मोजून शंभर मीटरवर दोन निशाणे आहेत. वरच्या चिंचेजवळच्या निशाणावर गुरुबसप्पा उभे राहिले. खालच्या निशाणावर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, मी घड्याळ घेऊन उभी राहिले. कडब्याची पेंढी, केळीचा खुंट, निळा ड्रम, जे काही येईल ते चिंचेसमोरून गेले की गुरुबसप्पा लाल टॉवेल खाली सोडून "होयतु!" असे ओरडत. होयतु म्हणजे गेले. पाण्याच्या आवाजात ओरडणे ऐकू येत नव्हते, पण टॉवेल दिसत होता. माझ्यासमोर वस्तू आली की मी घड्याळ थांबवत होते. काठाला वेग कमी, मधल्या धारेला जास्त, म्हणून दहा-बारा वस्तूंची सरासरी घ्यावी लागते. वरचे पाणी खालच्यापेक्षा जोरात पळते, म्हणून त्या वेगाचे शंभरातले पंच्याऐंशी धरतात. त्याला नदीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की प्रवाह निघतो. छेदाचा तक्ता केंद्रावर आहे. एक वाजता शंभर मीटरला छत्तीस सेकंद लागत होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी दहा मीटरची शेवटची पट्टी बुडाली. मी पायरीवरचा आकडा वाचू लागले. वेळ बत्तीस सेकंदांवर आली. हिशेब पंच्याऐंशी हजार क्युसेक निघाला. मी तो दोनदा केला. ऐंशी हजाराला हिरेकेरी पूल बंद करावा असा नियम आहे. कारण केंद्राच्या जुन्या नोंदवहीत असे आहे की मागे एकदा लाखावर पाणी गेले तेव्हा पलीकडच्या बाजूचा रस्त्याचा भराव वाहून गेला होता. पूल दगडी व पक्का आहे. भराव मातीचा आहे.

दोन पंचवीसला मी नियंत्रण कक्षाला फोन केला. साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्र अडुसष्टच दाखवतंय. तासाभरात एक आकडा इकडचा तिकडे नाही. पूर स्थिर झालाय."

मी म्हटले, "साहेब, तासभर एकच आकडा दाखवते ती नदी नसते. यंत्र बंद पडलंय. ते शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पाठवतंय."

साहेब म्हणाले, "पायऱ्यांवरचं वाचन नियमात बसत नाही. आणि गावात अफवा उठवू नका."

मी पायरीचा फोटो काढून त्यांच्या मोबाइलवर पाठवला. फोटो पोहोचल्याची खूण आली. उत्तर आले नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी पातळी १०.५५ झाली. वेळ एकोणतीस सेकंद. हिशेब एक लाख तीन हजार. यावेळी नदीचा रंग बदलून लालसर झाला होता आणि मधोमध पाणी काठापेक्षा उंच दिसत होते. चढत्या पुरात तसे दिसते. म्हणजे शिखर अजून यायचे होते. मी परत फोन लावला. साहेबांनी सांगितले की वरून लेखी आदेश आला की पूल बंद करू. आदेश कधी येईल हे त्यांनी सांगितले नाही.

घाटाच्या पायऱ्यांवरून आमची गल्ली दिसते. तीन वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आमच्या दारात पाणी शिरलेले मला दिसले. सासूबाई घरात एकट्या होत्या. गुरुबसप्पा चिंचेकडून माझ्याजवळ येऊन म्हणाले, "राजश्री, जा तू घराकडं. मी बगतो हितं." त्यांना घड्याळ थांबवता येते, पण हिशेब करता येत नाही. मी गेले नाही. त्यांना चिंचेजवळ परत पाठवले व पुढच्या वस्तूची वेळ घेतली. ती बाभळीची फांदी होती. अठ्ठावीस सेकंद.

तीन पंचावन्नला पातळी ११.१०. बारा वस्तूंची सरासरी सव्वीस सेकंद. मी वहीत गुणाकार केला. एक लाख चोवीस हजार क्युसेक. सहा वर्षांत मी या नदीचा एवढा आकडा लिहिलेला नाही. आपण खरे तेच सांगा म्हणालात म्हणून सांगते, त्या वेळी मला भीतीच्या आधी आनंद झाला. मी मोठ्याने ओरडले, "काका, एक चोवीस!" गुरुबसप्पांनी चिंचेखालून दोन्ही हात वर केले. त्यांना काय समजले ते मला माहीत नाही.

चार वाजता नियंत्रण कक्षाचा फोन लागला नाही. चार वाजून तीन मिनिटांनी व पाच मिनिटांनी परत लावला. व्यस्त होता. पोलीस पाटील पलीकडच्या वस्तीतील माणसे हलवण्यासाठी सकाळपासून गेलेले होते. त्यांचा फोन बंद होता. मग मी व गुरुबसप्पा पुलावर पळत गेलो. घाटापासून पूल दीडशे मीटरवर आहे.

पुलावर पंधरा-वीस लोक उभे राहून मोबाइलवर पुराचे चित्रण करत होते. पूल कोरडा होता. पाणी कठड्याच्या बरेच खाली होते. पाहणाऱ्याला धोका वाटावा असे तिथे काहीच नव्हते. मी सर्वांना खाली उतरायला सांगितले. एक जण म्हणाला, "ताई, पाणी कुटं आलंय अजून?" गुरुबसप्पांनी त्याला मोठा आवाज दिला, तेव्हा लोक उतरले. आम्ही दोघांनी रस्त्याकडेच्या बाभळीच्या तोडलेल्या फांद्या ओढून आणून पुलाच्या तोंडावर आडव्या टाकल्या. माझ्याकडे शिट्टी, लाल झेंडा, आदेश यांपैकी काही नव्हते.

चार वाजून सतरा मिनिटांनी गावाकडून वडाप जीप आली. चालक संगमेश ईरप्पा मळगे, वय २९, राहणार हिरेकेरी. यांना मी ओळखते. जीपमध्ये अकरा प्रवासी होते. पुढच्या सीटवर शांतम्मा, वय ५८, बसल्या होत्या. त्यांचे सोलापूरच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. पावसामुळे त्यांची आधीची एक पाळी चुकलेली होती. तोंड सुजलेले मला काचेतून दिसले.

संगमेश खाली उतरून म्हणाले, "अक्का, काटं काढा. म्हातारीला आज न्यायलाच पायजे. डॉक्टर ओरडलाय."

मी म्हटले, "संगमेश, पलीकडचा भराव जाणार आहे. हायवेच्या पुलावरून जा."

"तेवीस किलोमीटरचा वळसा हाय त्यो. पाणी पुलाला लागलंय का सांगा? न्हाय की."

"पुलाला लागलं नाही. भरावात मुरतंय. एक लाख चोवीस हजार आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी मोजलं."

यावर ते हसले. चेष्टेने हसले असे मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "तुमी पोलीस हाय का कलेक्टर? पूल बंद असता तर पोलीस उबा असता की हितं." त्यांचे हे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांनी स्वतः फांद्या बाजूला ओढल्या, जीपमध्ये बसले आणि गिअर टाकला. मी जीपसमोर उभी राहिले. त्यांनी हॉर्न दिला आणि माझ्या उजव्या बाजूने जीप काढली. जीप पुलावर सात-आठ मीटर पुढे गेली. मी बाजूने पळत पुढे गेले, कठड्याचा निखळलेला दगड उचलला आणि जीपवर मारला. पहिला दगड बॉनेटवर लागला. जीप थांबली नाही. दुसरा दगड मी नेम धरून काचेवर मारला. काच जाळी होऊन पांढरी झाली. जीप आडवी होऊन थांबली. वेळ चार वाजून अठरा मिनिटे. माझे घड्याळ गळ्यातच होते.

दोन्ही दगड मीच मारले आहेत. गुरुबसप्पा यांचा त्यात काही संबंध नाही. ते त्यावेळी माझ्या मागे होते व "बेड, बेड" म्हणजे नको, नको, असे म्हणत होते.

काचेचा तुकडा लागून संगमेश यांच्या कपाळातून रक्त येऊ लागले. ते खाली उतरून माझ्या अंगावर आले. शिवीगाळ केली. मारले नाही. नंतर त्यांनी तिथूनच ११२ नंबरला फोन करून एका बाईने दगड मारून गाडी फोडली अशी तक्रार दिली. आपल्याकडील तक्रार हीच असावी. शांतम्मा गाडीतून म्हणाल्या, "संगमेशा, आदी तुजं रगत पूस. मग भांडा." गुरुबसप्पांनी आपला लाल टॉवेल त्यांच्या कपाळाला बांधला. संगमेश यांनी तो बांधू दिला, पण बोलणे थांबवले नाही. प्रवासी उतरले. दोन बाया मला वाटेल तसे बोलल्या. त्यांची नावे मला सांगायची नाहीत.

चार वाजून चोवीस मिनिटांनी मागून एसटी बस आली. जीप आडवी असल्याने ती पुलाच्या तोंडाशी थांबली. बसमध्ये सेहेचाळीस प्रवासी होते, हे मला नंतर कंडक्टरकडून कळले. कंडक्टर खाली उतरून आले व जीप बाजूला घ्या म्हणून संगमेश यांना सांगू लागले. चार-पाच जण जीप ढकलायला पुढे झाले. मी जीपच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. एक गृहस्थ म्हणाले, "बाईला उचला." मला कोणी हात लावण्याच्या आत शांतम्मा, ज्या अजून जीपमध्येच होत्या, पुढे बोट करून म्हणाल्या, "त्यो पट्टा का वाकडा झालाय?"

सर्वांनी पलीकडे पाहिले. पूल संपतो तिथून रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा आहे. तो सरळ राहिला नव्हता. सापासारखा वळला होता. आवाज काहीच झाला नाही. डांबराचा रस्ता ओल्या गोधडीसारखा मधे दबला आणि मग नव्हताच. आधी बैलगाडी जाईल एवढी फट दिसली. मी मोजायचे म्हणून मोजले, सत्तर सेकंदांत ती पुलाएवढी रुंद झाली. एक निंबाचे झाड उभेच्या उभे तिच्यातून गेले. वेळ चार वाजून सव्वीस मिनिटे.

त्यानंतर खूप आरडाओरड झाली. कंडक्टर शिट्टी मारत बस मागे घ्यायला सांगत होते आणि शिट्टी तोंडात असतानाच रडत होते. मघाशी मला बोललेली एक बाई माझ्या हाताला धरून बसली, ती सोडेना.  संगमेश यांनी लाथ मारून फुटलेली काच पूर्ण काढून टाकली आणि म्हणाले, "शांतव्वा, डोळं मीट. वारं लागंल." इतर प्रवाशांना तिथेच सोडून फक्त शांतम्मांना घेऊन ते कपाळाला टॉवेल बांधलेल्या अवस्थेत, काच नसलेल्या जीपमधून, हायवेच्या पुलावरून तेवीस किलोमीटर वळसा घालून सोलापूरला गेले. सहा वाजून चाळीस मिनिटांनी दवाखान्यात पोहोचले. डायलिसिस झाले. शांतम्मांची प्रकृती आता बरी आहे. संगमेश यांना तीन टाके पडले.

मी घाटावर परत गेले, कारण शिखर अजून नोंदवायचे होते. निशाणे बुडाली होती म्हणून वेग घेता आला नाही, फक्त पायरी वाचता आली. पाच वाजून पाच मिनिटांनी ११.३०. पाच पंधराला ११.३०. पाच तीसला ११.२८. गुरुबसप्पा माझ्याशेजारी उकिडवे बसून पायरीकडे बघत होते. दोन बोटे ओली दगडाची पट्टी दिसली तेव्हा ते म्हणाले, "इळीतु. राजश्री, इळीतु." म्हणजे उतरले. एवढे बोलून त्यांनी पाण्याला हात जोडले. मी वहीत वेळ लिहिली आणि मग घराकडे गेले. घरात खिडकीपर्यंत पाणी होते. सासूबाई घरात नव्हत्या. त्या शाळेत आहेत, शेजारच्या नीलम्माने व तिच्या मुलांनी त्यांना बाजेवर घालून नेले, हे मला सहा वाजता कळले. पाच पस्तीस ते सहा या वेळेत मी काय केले ते मला नीट सांगता येणार नाही.

दिनांक २५ रोजी कनिष्ठ अभियंता महेश्वरी हलकुडे या पुराचे शिखर पक्के करण्यासाठी आल्या. त्यांनी शाळेच्या भिंतीवरील गाळाची रेघ, बाभळीच्या फांद्यांत अडकलेले गवत अशा अकरा खुणांची उंची पातळी घेण्याच्या दुर्बिणीने मोजली. वरच्या व खालच्या खुणांच्या उंचीतील फरकावरून पाण्याचा उतार काढला आणि त्यावरून सर्वोच्च प्रवाह एक लाख एकोणतीस हजार क्युसेक ठरवला. यंत्राची केबल दुपारी सव्वा वाजताच तुटलेली होती, हेही त्यांनी पाहिले. माझ्या पायऱ्या त्यांनी तपासल्या आणि म्हणाल्या, "अहो, दोन सेंटिमीटरचीही चूक नाही यात! कुणी शिकवलं तुम्हाला?" मी गवंड्याचे नाव सांगितले. त्यांनी माझी वही फायलीला लावण्यासाठी मागून घेतली व पोच दिली. पोच सोबत जोडली आहे.

आता आपण विचारले की दगड मारल्याचा पश्चात्ताप आहे काय. संगमेश यांना लागले याचे मला वाईट वाटते. मी ते त्यांच्या घरी जाऊन सांगितले आहे. त्यांनी पाणी दिले, चहा दिला नाही. तक्रार मागे घ्या असे मी त्यांना म्हटलेले नाही व म्हणणार नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवला. त्यात "जीपमधील अकरा प्रवाशांचे प्राण वाचवले" असे एक वाक्य होते. गावातील मोबाइलवरही तसेच फिरत आहे. ते वाक्य मी खोडायला लावले. पुलाची लांबी एकशे ऐंशी मीटर आहे. जीप वीसच्या वेगाने गेली असती तरी चाळीस सेकंदांत पलीकडे पोहोचली असती. भराव दगड मारल्यानंतर आठ मिनिटांनी गेला. आपली गाडी निघून गेली असती हे संगमेश यांचे म्हणणे खरे आहे आणि ते तसेच लिहावे. एसटी बसबद्दल मला खात्रीने सांगता येत नाही. ती चोवीसला आली, भराव सव्वीसला गेला, मधे ती कुठे असती हे मोजलेले नाही. आणि दगड मारला तेव्हा बस मला दिसतही नव्हती. त्या वेळी माझ्याकडे फक्त एक आकडा होता. तो बरोबर होता. तेवढ्यावर मी दगड मारला.

वर लिहिलेले सर्व मला मराठीत सावकाश वाचून दाखवले. खोडलेले एक वाक्य वगळता ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे व खरे आहे, म्हणून त्याखाली सही करत आहे. खोडलेल्या जागी वेगळी सही केली आहे.

(सही) रा. न. सरवदे
वेळ दुपारी १ वाजून ०५ मिनिटे